मुसुई आणि मैया : के. एस. राधाकृष्णन यांची ब्राँझशिल्पे

ब्राँझ हा जड धातू आहे आणि आपल्याकडे तो बहुधा भारदस्तपणासाठीच वापरला जातो. उंच चौथरा, अश्वारूढ वा उभा थोर पुरुष आणि दूरवर लागलेली नजर, एवढीच आपली त्याच्याशी ओळख असते. के. एस. राधाकृष्णन यांच्या शिल्पांत मात्र हाच धातू हलका होतो, जणू जमीन सोडायला निघतो. त्यांच्या शैलीचे मर्म मला इथेच दिसते.

१९५६ साली केरळातील कोट्टायम भागात जन्मलेले राधाकृष्णन सत्तरच्या दशकात शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकायला गेले. तिथे त्यांना रामकिंकर बैज आणि शर्बरी रायचौधुरी या शिल्पकारांचे मार्गदर्शन लाभले. बैज यांनी सिमेंट आणि खडीतून संथाळ आदिवासी कुटुंबाला उघड्या आकाशाखाली भव्य रूप दिले होते, तर रायचौधुरींनी बडे गुलाम अली खाँसारख्या गायकांची तल्लीनता ब्राँझमध्ये पकडली होती. गुरूचे ऋण राधाकृष्णन विसरले नाहीत. २०१२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या बैज यांच्या मोठ्या सिंहावलोकनी प्रदर्शनाची मांडणी त्यांनीच केली.

शांतिनिकेतनातच मुसुई नावाचा एक संथाळ तरुण त्यांच्यासमोर मॉडेल म्हणून बसला. त्याचे मुंडण केलेले डोके आणि निर्मळ हसू शिल्पकाराच्या मनात असे रुजले की पुढे कित्येक वर्षांनी त्यातून एक कल्पित पात्र उभे राहिले, आणि त्याला मैया ही जोडीदारीणही मिळाली. हे दोघे नाना भूमिका घेतात, नाचतात, झेपावतात, तोल सांभाळतात. शरीर बदलत राहते, पण चेहऱ्यावरचे हसू ढळत नाही. त्यामुळे प्रत्येक शिल्प एखाद्या नटाने वठवलेल्या नव्या सोंगासारखे भासते.

लांबवलेले सडपातळ अवयव आणि एका पायावर पेललेला सगळा देह, ही रचना धातूच्या गुणावरच उभी आहे. दगडात असा पसरलेला हात स्वतःच्याच वजनाने तुटण्याचा धोका असतो. ब्राँझची चिवट ताकद मात्र अगदी छोट्या आधारावर तो पेलते. शिवाय मेणाची आकृती साच्यात बंद करून, मेण वितळवून काढून, त्या पोकळीत तापलेला रस ओतण्याच्या प्राचीन पद्धतीत बोटांच्या दाबाच्या खुणासुद्धा धातूत उतरू शकतात.

त्यांच्या ‘रॅम्प’ मालिकेत मुसुई-मैयाच्या जोडीला चढणीवरून लोटणारी असंख्य चिमुकली माणसे येतात. लांबून ती केवळ खरबरीत पोत वाटतात. जवळ गेल्यावर त्यातला प्रत्येक जण वेगळा झुकलेला, वेगळ्या घाईत असलेला दिसतो. गाव सोडून निघालेल्या माणसांचा हा लोंढा आहे, असे मी मानतो. मुसुईच्या हसण्यापेक्षाही मला ही गर्दी अधिक अस्वस्थ करते, कारण तिच्यातल्या कुणाचाही चेहरा ओळखण्याइतका मोठा नाही.