बंब पेटवता येतो म्हणून यर्ट तापत नाही

कराडच्या घरी अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं आणि तो पेटवायचं काम माझ्याकडे होतं. खाली चिपाडं, एखादी करवंटी, वर दोन ढलप्या, की झालं. त्यामुळे कोलोरॅडोच्या जंगलात, ऐन मार्चच्या बर्फात, लाकडाची शेगडी असलेल्या यर्टमध्ये, म्हणजे गोल कापडी तंबूत, एक रात्र काढायचं ठरलं तेव्हा "शेगडीचं माझ्याकडे लागलं" असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. पुढचा सगळा घोळ या वाक्यातून झाला.

आम्ही फोर्ट कॉलिन्सला राहतो. मी, नवरा आणि अकरा वर्षांची लेक. तिथून पश्चिमेला दीड-दोन तासांवर एक अरण्य आहे, त्याचं नाव 'स्टेट फॉरेस्ट स्टेट पार्क'. नवऱ्याच्या मते सरकारी फॉर्म भरताना कुणीतरी एकच रकाना दोनदा भरला असावा. सुमारे ७१,००० एकरांच्या या जंगलात यर्ट आहेत आणि ते रात्रीच्या भाड्याने मिळतात. हिवाळ्यातले शनिवार-रविवार कित्येक महिने आधी संपलेले असतात. आम्हाला शाळेच्या वसंत सुट्टीतला एक मंगळवार मिळाला. पैसे भरले की नकाशा, दाराच्या कुलपाचे आकडे आणि एक लांबलचक यादी येते. आत काय आहे: बंक बेड, गाद्या, गॅसची शेगडी, भांडी, फोडलेलं सरपण, कुऱ्हाड. काय नाही: वीज, नळ, फोनची रेंज. पाणी आणा, नाहीतर बर्फ वितळवा. संडास बाहेर, थोडा चालून.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कापडाच्या झोपडीत? बर्फात? आणि वर पैसे तुम्हीच देणार?"

रस्ता पूडर नदीच्या घळीतून जातो. या नदीचं पूर्ण नाव 'कॅश ला पूडर', म्हणजे 'बंदुकीची दारू लपवा'. हिमवादळात अडकलेल्या फ्रेंच शिकाऱ्यांनी ओझं कमी करायला दारू तिच्या काठी पुरली, अशी कथा सांगतात. आम्ही काहीच पुरलं नाही, सगळं बरोबर घेतलं आणि त्याचा पश्चात्ताप झाला. कॅमेरॉन पास १०,२७६ फुटांवर आहे. तो ओलांडला की डावीकडे नोखू क्रॅग्जचे काळे सुळके दिसतात. इथल्या मूळ रहिवासी अरापाहो लोकांच्या भाषेतल्या नावाचा अर्थ गरुडांचं घरटं असा सांगतात आणि ते बघताक्षणी पटतं.

गाडी लावली तिथून यर्ट दीड मैल. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून रुंद स्नोशूज घालून, सामान प्लास्टिकच्या स्लेडवर, म्हणजे घसरगाडीवर, बांधून ती कमरेला दोरीने अडकवायची. चढावर हे जमतं. उतार लागला की स्लेड मागून येऊन थेट घोट्यांवर आदळते. तिसऱ्यांदा आदळल्यावर नवऱ्याने मागे वळून तिला मराठीतून जे सुनावलं ते लेकीने नंतर दोन दिवस पाठ म्हटलं. दोरीत पाइपचे तुकडे ओवले की स्लेड अंतर राखून येते, हे तिथेच भेटलेल्या एका स्कीवाल्या आजोबांनी सांगितलं. ते आधी कळायला हवं होतं. दीड मैलाला आम्हाला दोन तास लागले. त्यातला निम्मा वेळ धापा टाकण्यात गेला. आमचं गाव पाच हजार फुटांवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे. तरी नऊ हजारांवर दम लागतोच.

यर्ट दिसला तेव्हा लेक म्हणाली, "आई, मोदकपात्र." बरोबर होतं. गोल, हिरवट, वर पारदर्शक घुमट, बाजूने निघालेलं धुराडं. कुलूप उघडून आत गेलो तर आत बाहेरच्याइतकीच थंडी, उणे आठ. श्वासाची वाफ दिसत होती. दोघेही माझ्याकडे बघू लागले.

मी ओतीव लोखंडाच्या त्या शेगडीत कागद घातले, वर दोन चांगले जाड ओंडके ठेवले, काडी लावली आणि दार बंद केलं. मिनिटभरात शेगडीच्या प्रत्येक फटीतून धूर यायला लागला. दार उघडलं तर भक्कन तोंडावर आला. कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा किंचाळू लागला, लेक बाहेर पळाली. छताच्या घुमटाला खालून लांब दांडीने फिरवायचा मळसूत्री दट्ट्या होता, नवऱ्याने तो फिरवून घुमट उघडला. शेगडी विझवून आम्ही तिघे बर्फात उभे राहिलो आणि आपलंच भाड्याचं घर धुमसताना बघितलं.

धूर निवल्यावर भिंतीवरचा सूचनांचा कागद वाचला. तो मी आल्या आल्या वाचायला हवा होता, पण बंब पेटवणाऱ्या माणसाला सूचना कशाला? धुराड्यात एक झडप असते. ती बंद होती. आणि धुराडं गारठलेलं असेल तर आतली थंड, जड हवा वरून बुचासारखी बसते, धूर वर जातच नाही. आधी कागदाचा पेटता बोळा धुराड्याच्या तोंडाशी धरून ती हवा तापवायची. मग बारीक काटक्या, मग बोटभर ढलप्या, ओंडके अगदी शेवटी. म्हणजे बंबाचाच क्रम! तो मला माहीत होता. शेगडी परकी दिसली म्हणून मी तो विसरले, एवढंच.

लॉजपोल पाइनची लाकडं होती. पाइन बीटल नावाच्या किड्याने इथली जंगलंच्या जंगलं उभी वाळवली आहेत. मेलेली झाडं अजून ठिकठिकाणी दिसतात. असं वाळलेलं लाकूड कुऱ्हाडीच्या एका घावात फुटतं. मी पाऊण तास ढलप्या काढल्या आणि खरं सांगते, अख्ख्या सहलीत मला सगळ्यात जास्त मजा त्यातच आली. तासाभरात आम्ही जाकिटं काढली, दोन तासांत स्वेटर.

मग पाणी. भुसभुशीत बर्फाचं मोठं भांडं भरून चुलीवर ठेवलं की तळाशी पेलाभर पाणी मिळतं. भांड्यात आधी थोडं पाणी असावं लागतं, नाहीतर बर्फ चक्क करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. तिघांचं प्यायचं, स्वयंपाकाचं, भांड्यांचं पाणी करायला लेक बादल्या भरभरून बर्फ आणत होती आणि मी ढवळत होते. वर ते उकळायचंही.

जेवणासाठी मी दोन लिटरचा कुकर आणला होता. त्यावरून गाडीत बसेपर्यंत टिंगल झाली होती. पण नऊ हजार फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात नूडल्स होतील, तुरीची डाळ जन्मात शिजणार नाही. घरी तीन शिट्ट्या घेते, इथे पाच घेतल्या. त्या शांत जंगलात पहिली शिट्टी झाली तेव्हा आम्हीच दचकलो. वरण-भात, वर तूप, मेतकूट. टिंगल करणाऱ्याने तीनदा भात घेतला.

झोपताना मी शहाणपणा केला. शेगडी रात्रभर पुरावी म्हणून हवेचं छिद्र जवळपास पूर्ण बंद केलं. आडवी होऊन वर बघत राहिले. छताच्या दांड्या मधल्या कड्यात येऊन टेकतात, खांब कुठेच नाही. दांड्या भिंतीला बाहेर रेटतात आणि भिंतीच्या वरच्या कडेने फिरवलेला पोलादी दोर तो रेटा धरून ठेवतो. मंगोलियातल्या 'गेर'मध्ये हेच काम विणलेले पट्टे आणि दोर करतात, कापडाऐवजी नमदा असतो. किर्गिझस्तानच्या झेंड्यावर मधोमध आहे ते हेच छताचं कडं. आमच्या कड्यातून तारे दिसत होते.

मग छतावरून काहीतरी धडधडत घसरलं आणि दाणकन भिंतीशी पडलं. अस्वल, असं आम्ही तिघांनी एकदम म्हटलं. छत तापून बर्फाची लादी घसरली होती. हे रात्रीत चारदा झालं. चौथ्यांदा कुणी कूस बदलली नाही.

तीनला जाग आली ती थंडीने. शेगडी विझली होती. कापडाच्या भिंतीत ऊब तासभरही टिकत नाही. पुन्हा काटक्या, पुन्हा ढलप्या, यावेळी झडप तपासून. त्यानंतर दर दोन तासांनी एक ओंडका, हे वेळापत्रक मान्य केलं. उठलेच आहे तर संडासला जाऊन यावं म्हणून डोक्याला टॉर्च लावून बाहेर पडले. त्या वीस-पंचवीस पावलांबद्दल मी फार बोलत नाही. बसायची फळी उणे पंधराला होती.

सकाळी संडासाच्या वाटेवर मूस, म्हणजे हरणांच्या कुळातली थोराड जनावरं, उभी होती. मायलेकरं, आई घोड्याहून उंच, विलोच्या काटक्या ओरबाडत. कोलोरॅडोत मूसचा कळप पूर्वी असा नव्हताच. १९७८-७९ मध्ये बाहेरून २४ जनावरं आणून याच भागात सोडली, त्यांचा हा विस्तार. दिसतात गरीब, पण पिल्लाजवळ गेलात तर आईचे कान मागे पडतात, आणि मग झाडामागे पळायचं असतं. तिचे कान सरळ होते. तरीही आम्ही पाऊण तास दाराच्या फटीतून बघत, पाय क्रॉस करून उभे होतो.

निघताना काम बरंच असतं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, भांडी घासून पालथी, फरशी झाडून, आणि पुढच्यांसाठी लाकडाची पेटी भरून ठेवायची. आमच्या आधीच्यांनी बारीक ढलपी एकही ठेवली नव्हती. मी दोन टोपल्या फोडून ठेवल्या. पाहुण्यांच्या वहीत लेकीने मोदकपात्राचं चित्र काढलं, खाली मी मोठ्या अक्षरात इंग्रजीतून लिहिलं की आधी झडप उघडा.

घरी आल्यावर सामान उपसलं तर कुकरची शिट्टी सापडेना. चार दिवसांनी भाड्याने देणाऱ्यांची ईमेल आली. सोबत फोटो होता. पुढच्या पाहुण्यांना हा भाग सापडला आहे, आमच्या शेगडीचा तर नाही ना, तुम्ही काही उघडून बघितलं होतं का, असं त्यांनी फार सौजन्याने विचारलं होतं.