अवेट लावलं, पण कनेक्शन परत कोण करणार?

गेल्या वर्षी नोड जेएसमधलं (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) एक जुनं प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडलं. गोदामाची चलानं आणि बिलिंग. कॉलबॅकमध्ये (काम झाल्यावर चालवायचं फंक्शन) कॉलबॅक, कोड उजवीकडे सरकत सरकत स्क्रीनबाहेर गेलेला. तो सगळा असिंक-अवेटमध्ये, म्हणजे वाट बघणारा कोड सरळ ओळींत लिहायच्या पद्धतीत, आणायचा होता. दोन आठवड्यांत आणला, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. फॉरईच लूपच्या आत अवेट लिहू नका एवढंच. फॉरईच कुणासाठी थांबत नाही, साधा फॉर-ऑफ घ्या.

खरी कटकट लाइव्ह गेल्यावर सुरू झाली. दीड-दोन दिवस सगळं सुरळीत चालायचं आणि मग गोदामातून फोन, "सर, परत अडकलंय, नुसतं गोल फिरतंय." सर्व्हर बघावा तर जिवंत. सीपीयू निवांत, मेमरी ठीक, लॉगमध्ये एक ओळ नाही. हेल्थ चेक तर दर मिनिटाला इमानदारीत 'ओके' म्हणतोय. (तो डेटाबेसला हातच लावत नव्हता, हे नंतर लक्षात आलं. असला हेल्थ चेक नसलेला बरा.) रीस्टार्ट केलं की पुन्हा दीड दिवस शांतता. टीममध्ये सगळ्यांचं एकच, "अरे, रात्री रीस्टार्टचा क्रॉन लाव आणि सोड ना." त्या वाक्यावर मी अजून चिडून आहे.

पहिला संशय न पकडलेल्या एररवर. आमचं वेब फ्रेमवर्क एक्सप्रेस ४ आहे, त्यात असिंक हँडलरमधली (रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) एरर आपणच पकडून नेक्स्टला द्यावी लागते. ५ मध्ये ते आपोआप होतं. पण नोड १५ पासून न पकडलेलं रिजेक्शन (असिंक कामातली एरर) आलं की प्रोसेसच पडते, आणि आमची प्रोसेस तर ठणठणीत उभी होती. तरी सगळे हँडलर तपासण्यात माझा अख्खा एक दिवस गेला.

तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा मी गोदामवाल्यांना म्हटलं, दहा मिनिटं कळ काढा, रीस्टार्ट करू नका. सरळ पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जाऊन पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी उघडलं, म्हणजे चालू कनेक्शनांची यादी. आमच्या ॲपच्या नावावर बरोबर १० ओळी. दहाही ओळींचं स्टेट 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून नुसतं बसलेलं, आणि शेवटची क्वेरी दहांचीही तीच: चलान क्रमांकावरून चलान शोधणारा सिलेक्ट. सगळ्यात जुनी ओळ आदल्या दिवशी सकाळपासून तशीच बसलेली.

मग तो हँडलर उघडला. पूलमधून (तयार कनेक्शनांचा साठा) क्लायंट, म्हणजे एक कनेक्शन, घ्यायचा, बिगिनने ट्रान्झॅक्शन सुरू, सिलेक्ट, चलान सापडलं नाही तर ४०४ देऊन रिटर्न. रिलीज, म्हणजे कनेक्शन पूलला परत? फंक्शनच्या अगदी शेवटच्या ओळीत. जुन्या कोडमध्ये प्रत्येक फाट्यावर कनेक्शन परत करणारा एक डन होता, एकूण चार. मला तो कॉलबॅकचा कचरा वाटला होता आणि मी तो मोठ्या समाधानाने झाडून टाकला होता! म्हणजे फाटक्या चलानावरचा आकडा कुणी चुकीचा टाकला की एक कनेक्शन गेलं. पीजी या नोडच्या पोस्टग्रेस लायब्ररीच्या पूलची डीफॉल्ट मर्यादा १०. दहा चुकीचे आकडे झाले की अकरावी रिक्वेस्ट रांगेत उभी, आणि कनेक्शन टाइमआउट डीफॉल्टला शून्य, म्हणजे कितीही वेळ वाट बघ. म्हणूनच एरर नाही, सीपीयू नाही, काही नाही.

दुरुस्ती पाच मिनिटांची. सगळं ट्रायमध्ये, कॅचमध्ये रोलबॅक (ट्रान्झॅक्शन मागे घेणं), रिलीज काहीही झालं तरी चालणाऱ्या फायनलीत. ४०४ च्या वाटेवरही रिटर्नच्या आधी रोलबॅक. कनेक्शन टाइमआउट ५००० मिलिसेकंद, म्हणजे पुढच्या वेळी निदान बोंब तरी मारेल. आणि पूलचा वेटिंगकाउंट (रांगेत किती जण) दर मिनिटाला लॉगमध्ये. हे पहिल्या दिवशीच केलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

आता लॅपटॉपवर पूलची मर्यादा मी १ च ठेवतो. गळती असली की दुसऱ्याच रिक्वेस्टला अडकतं, लाइव्ह जायची वाट बघावी लागत नाही. असं केल्यावर त्याच संध्याकाळी आणखी एक जागा सापडली: हातात क्लायंट धरलेला असताना आतलं एक फंक्शन पूलकडे दुसरं कनेक्शन मागत होतं. तोही कोड माझाच.