मैत्रिणी विद्यापीठात, मी वाइंडिंगच्या टेबलाशी

शालेय शिक्षण संपले त्या वर्षी माझ्या जवळच्या सगळ्या मैत्रिणींना कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि मी घरी राहिले. प्रवेश मलाही मिळत होता. पण पक्षाघातानंतर आजी अंथरुणाला खिळली होती, आई-बाबा दोघेही नोकरीला जाणारे, मोठ्या बहिणीचे शिक्षण अखेरच्या टप्प्यात आलेले, आणि दिवसभरासाठी पगारी मदतनीस ठेवणे आमच्या आवाक्यात नव्हते. आम्ही सर्वांनी बसून हिशेब मांडला आणि निदान एक वर्ष मी थांबावे असे ठरले. ठरवणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे आपल्यावर अन्याय झाला असे मला कधी वाटले नाही; वाटले ते एवढेच की पुढ्यात आख्खे वर्ष पडले आहे आणि त्यात काय करायचे याची कुणालाच कल्पना नाही, मला तर नाहीच.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की विद्यापीठात न जाणाऱ्याचे मुख्य नुकसान म्हणजे शिकवणारे न मिळणे. प्रत्यक्षात पुस्तके मिळत होती, चांगल्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट पाहता येत होती आणि वेळही होता. तरीही चार दिवस उत्साहाने वाचावे आणि पाचव्या दिवशी ते आपसूक सुटावे, असेच होत राहिले. विद्यापीठ ज्ञानाखेरीज आणखी तीन गोष्टी विद्यार्थ्याला न मागता देऊन टाकते: दिवसाला वेळापत्रक, सोबतीला तेच शिकणारी माणसे आणि केलेले काम बरोबर आहे की नाही हे सांगणारा जाणकार. घरी राहणाऱ्याला या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवाव्या लागतात, आणि माझे ते वर्ष मुख्यतः या जमवाजमवीतच गेले.

वेळापत्रक आजीमुळे मिळाले. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला पाठीवर आणि टाचांवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. सुरुवातीला घरी येणाऱ्या परिचारिकेने मला ते नीट शिकवले होते. ओढायचे नाही, उचलून सरकवायचे. पाठीमागे उशी द्यायची. पोटरीखाली आधार देऊन टाचा गादीपासून वर ठेवायच्या. आणि त्वचा लाल दिसली तर बोटाने दाबून ती पांढरी पडते का हे पाहायचे. न पडली तर ते पुढच्या जखमेचे लक्षण समजायचे. हे सगळे, मधली औषधे आणि भरवणे धरून प्रत्येक दोन तासांतला तासभर तरी माझा उरत असे. असा तुकड्यातुकड्यांचा दिवस सलग वाचनाला गैरसोयीचा होता, पण हातातले काम ठेवून उठता येईल आणि परत येऊन जिथल्या तिथे सुरू करता येईल, अशा कामाला तो चांगला होता. असे काम कोणते हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

सोबतीचा प्रश्न जास्त अवघड होता. मैत्रिणींशी बोलणे रोज होई, पण त्यांच्या बोलण्यात मला अनोळखी असलेली नावे वाढत गेली आणि मला सांगण्यासारखे काही घडत नसल्याने माझी उत्तरे आखूड होत गेली. पुढे केव्हातरी रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स या संशोधकांच्या एका अभ्यासाविषयी वाचले. ब्रिटनमध्ये शाळा संपवून विद्यापीठात किंवा नोकरीत जाणाऱ्या ३० तरुणांच्या नातेसंबंधांचा त्यांनी १८ महिने मागोवा घेतला होता. त्यात नातेवाइकांशी असलेली जवळीक फारशी हलली नाही, मित्रांशी असलेली मात्र संपर्क घटताच ओसरू लागली; जिथे ती टिकली तिथे मुलींच्या बाबतीत बोलणे आणि मुलांच्या बाबतीत एकत्र काहीतरी करणे जास्त उपयोगी पडले. तीस जणांवरून जगाचा नियम काढू नये, आणि माझ्या बाबतीत तर मुलांचा उपाय लागू पडला. भौतिकशास्त्राला गेलेल्या मैत्रिणीला मी सुचवले की तिच्या वर्गात दिलेली गणिते तिने मलाही पाठवावीत आणि रविवारी आम्ही फोनवर ती मिळून सोडवावीत. गप्पांपेक्षा हे बरे चालले, कारण गणितापुढे आम्ही दोघी सारख्याच अडत होतो. बाकीच्या मैत्रिणींपैकी काहींशी संबंध विरळ झाले आणि ते तसेच राहिले.

तिसरी गोष्ट, म्हणजे जाणकार, पाण्याच्या पंपामुळे भेटली. पंप नुसता गुणगुणत होता, फिरत नव्हता. दुरुस्तीला आलेल्या काकांनी आधी कपॅसिटर तपासला, कारण एकफेजी मोटारीत चालू होण्यापुरता धक्का देणाऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह पुढे सरकवण्याचे काम तो करतो आणि तो निकामी झाला की मोटार अशीच अडून राहते. कपॅसिटर चांगला निघाला. वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, जळले होते आणि ते नव्या तारेने भरावे लागणार होते. मी शेजारी उभी राहून इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, “एवढं विचारतेस तर एखादी मोटार भरून बघ की. मोजता येतं ना नीट?” घर सोडता येत नाही असे मी सांगितल्यावर त्यांनी कॉइल, म्हणजे वाइंडिंगमधली तारेची वेटोळी, भरण्याचे हाताने फिरवायचे एक जुने यंत्र, ज्याला वेढे मोजणारा काटा बसवलेला होता, आमच्याकडे आणून ठेवले. तारेची जाडी, वेढे, कॉइलची संख्या आणि साच्याचे माप चिठ्ठीवर लिहून येई. मी आजीच्या पलंगाशेजारच्या टेबलावर कॉइल भरून, दोऱ्याने बांधून संध्याकाळी परत करीत असे. कूस बदलण्याची वेळ झाली की काट्यावरचा आकडा कागदावर टिपायचा आणि उठायचे. तुकड्यांच्या दिवसाला साजेसे काम ते हेच.

हे काम वरवर पाहता कंटाळवाणे आहे, आणि काही अंशी ते आहेच. पण वेढे का मोजायचे हे समजल्यावर कंटाळ्याची जात बदलते. ठरलेल्यापेक्षा दहा टक्के वेढे कमी पडले तर त्याच विद्युतदाबाला मोटारीच्या लोखंडी गाभ्यातले चुंबकत्व सुमारे अकरा टक्के वाढते, लोखंड संपृक्त होऊ लागते, म्हणजे आणखी चुंबकत्व सहज घेत नाही, आणि मोटार भार नसतानाही जास्त प्रवाह ओढून तापते. वेढे जास्त झाले तर भार नसताना ती कमी प्रवाह घेते, पण जोर कमी पडतो. काका प्रत्येक संचातल्या कॉइलचा रोध मीटरवर पाहत आणि एखादी वेगळी आली तर न बोलता बाजूला ठेवत. माझ्या कामावर कुणीतरी इतक्या नेमकेपणाने बोट ठेवत होते, आणि त्यासाठी मला परीक्षेची वाट पाहावी लागत नव्हती.

आई-बाबांना सुट्टी असेल तेव्हा मी काकांच्या कार्यशाळेत जाऊ लागले. तिथे खरे शिक्षण मोटार उघडण्यापूर्वी सुरू होते. मोटारीच्या पाटीवरचे आकडे लिहून घ्यायचे, कॉइल बसतात त्या गाभ्यातल्या खाचा मोजायच्या, एका कॉइलच्या दोन बाजू कितव्या खाचांत बसल्या आहेत ते टिपायचे, जोडणीची आकृती काढायची आणि मगच जुनी तार कापायची. कारण एकदा कापली की ती माहिती गेलीच. एका जुन्या कॉइलचे वेढे मोजायचे आणि तारेवरचा लेप काढून मायक्रोमीटरने तिची जाडी घ्यायची. हवी ती जाडी मिळाली नाही तर दोन बारीक तारा एकत्र भरता येतात, मात्र जाडी निम्मी धरून चालत नाही: एक मिलिमीटरच्या एका तारेऐवजी सुमारे ०.७१ मिलिमीटरच्या दोन लागतात, कारण प्रवाहाला वाट देते ते छेदाचे क्षेत्रफळ आणि ते व्यासाच्या वर्गाने बदलते. शाळेत वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकताना याचा उपयोग कुणी सांगितला असता तर मी त्या तासाला अधिक लक्ष दिले असते. नंतर खाचांत कागद, वर पाचर, तारांच्या टोकांना स्लीव्ह म्हणजे संरक्षक नळी, मग वार्निश, भट्टीत सुकवणे, आणि शेवटी मेगरने, म्हणजे वीज कुठे झिरपत नाही ना हे पाहणाऱ्या मीटरने, पाचशे व्होल्टवर तपासणी. विद्युतरोधक कागदावर आणि वार्निशवर काटकसर करू नये याबाबत काका फार कडक होते. पुढे पुस्तकात त्याचे कारण मिळाले: तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर साधारण दहा अंशांनी गेले की विद्युतरोधकाचे आयुष्य निम्मे होते असा ठोकताळा आहे, आणि एफ वर्गाच्या विद्युतरोधकासाठी ती मर्यादा १५५ अंश सेल्सिअस मानली जाते.

पुस्तकापर्यंत मला नेले ते पाटीवरच्या एका आकड्याने. चार ध्रुवांच्या मोटारीवर वेग मिनिटाला १४४० फेरे असा लिहिलेला असे. १५०० का नाही, असे मी विचारले तेव्हा काका म्हणाले, “भाराखाली तेवढाच मिळतो, पहिल्यापासून तसंच आहे.” उत्तर खोटे नव्हते, पण माझ्यासाठी पुरेसे नव्हते. रविवारी मैत्रिणीसोबत बसून शोधले: पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यावर चार ध्रुवांचे चुंबकी क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, आणि रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, त्याच्या थोडा मागे राहिला तरच त्याच्या सळयांत प्रवाह उत्पन्न होतो. तो क्षेत्राच्या बरोबरीने धावू लागला तर प्रवाहही नाही आणि जोरही नाही. ती साठ फेऱ्यांची तफावत, म्हणजे चार टक्के, हा दोष नसून मोटार चालण्याची अटच आहे. हे समजले त्या दिवशी मला प्रथमच नेमके ठाऊक झाले की आपल्याला कोणता विषय शिकायचा आहे. शाळेत असताना अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा हे मला सांगता आले नसते.

याच सुमारास मी शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांच्याविषयी वाचत होते. १८०५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षांच्या उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत विज्ञान शिकले. १८३१ साली ज्या लोखंडी कड्यावर त्यांनी विद्युतचुंबकी प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकत्वाने तारेत वीज निर्माण होणे, दाखवले, त्यावरच्या तारांचे थर त्यांनी कापड आणि दोरा वापरून एकमेकांपासून वेगळे राखले होते. आमच्या खाचांतला कागद तेच काम करतो. पदवीची गरज नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि मलाही ते बऱ्याच जणांनी दिले. मला ते अपुरे वाटते. फॅरेडे १८१२ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांना बसले, त्यांची टिपणे बांधून त्यांनी डेव्हींना पाठवली आणि १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मदतनीस म्हणून लागले. म्हणजे प्रयोगशाळा, रोजचे काम आणि चुकले तर सांगणारा जाणकार हे सगळे त्यांना मिळाले. फक्त ते विद्यापीठाबाहेर मिळाले.

म्हणून मी विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकेसाठी दूरशिक्षणात नाव घातले. घरी राहून शिकणाऱ्यांसाठी विद्यापीठाने मुद्दाम रचना करावी ही कल्पना आता जुनी झाली आहे. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ पासून तिथे शिकवणे सुरू झाले. अशा अभ्यासक्रमाविषयी कुणी विचारले तर मी एकच गोष्ट आधी पाहायला सांगते: स्वाध्याय तपासून कोण देतो आणि किती दिवसांत. पुस्तके सगळीकडे मिळतात. माझ्याकडे आलेल्या स्वाध्यायांवर समासात लिहिलेले शेरे असत आणि त्यांतून मी व्याख्यानांपेक्षा जास्त शिकले. प्रात्यक्षिके मात्र घरबसल्या होत नाहीत. त्यांसाठी ठरावीक काळ केंद्रावर जावेच लागते, आणि त्या दिवसांत बाबा रजा घेऊन आजीजवळ थांबत.

लोकांच्या चौकशीचा त्रास झाला, पण जितका होईल असे वाटले होते तितका नाही. “सध्या काय करतेस?” या प्रश्नाला पहिले काही महिने मी लांबलचक कारणे देत असे, पुढे “मोटारी भरते” एवढे सांगितले की समोरचा आपल्याच घरातल्या पंपाविषयी बोलू लागे. कार्यशाळेत आलेले काही जण मला पाहून “कोणी माहितगार आहे का?” असे विचारत. काका माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा आपल्या कामाला लागत.

वर्ष संपताना बहिणीला नोकरी लागली, आजीसाठी दिवसाची मदतनीस ठेवणे शक्य झाले आणि घरच्यांनी मला नियमित विद्यापीठात जाण्याविषयी मोकळेपणाने विचारले. मी पदविका पुरी होईपर्यंत थांबायचे ठरवले. आता मला दिवसभर कार्यशाळेत जाता येते, आणि सकाळी वाचलेले दुपारी हातात येते ही सोय सोडवत नाही. यात गमावतेही आहे: मोठे ग्रंथालय, चांगल्या उपकरणांची प्रयोगशाळा, आणि वर्गात दुसऱ्याने विचारलेल्या, आपल्याला न सुचलेल्या प्रश्नांतून होणारे शिक्षण. गणितातही मैत्रीण माझ्या बरीच पुढे गेली आहे. पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा की काकांनी देऊ केलेल्या भागीदारीचा विचार करायचा हे अजून ठरलेले नाही. पदवीकडे वळले तर लागणारे अवकल समीकरणांचे प्रकरण मात्र सध्या रविवारी चालू आहे.