तुम्ही विचारलंत म्हणून: मेन रोल आणि थेल्मा रिटर

"ताई, मेन रोल करावासा कधी वाटलाच नाही का तुम्हाला?"

हा प्रश्न मला नाटकाच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दवाखान्यात रक्तदाब मोजून घेताना विचारला गेलाय. गेली बारा-पंधरा वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे: हॉलिवूडची जुनी नटी थेल्मा रिटर बघा. मग समोरचा मोबाइलवर शोधतो आणि म्हणतो, "अहो, हिला सहा नामांकनं आणि एकही ऑस्कर नाही. आदर्श म्हणून हीच का सापडली?" दोन्ही प्रश्नांना मी आजवर घाईघाईत उत्तरं दिली. त्यातली काही खोटी होती.

आधी ऑस्करचं. लोक असं बोलतात जणू बाई नापास झाली. सहाही नामांकनं साहाय्यक अभिनेत्रीची, १९५० ते १९६२ या काळातल्या चित्रपटांसाठी, आणि त्यातली पहिली चार तर ओळीने चार वर्षांची. या विभागात इतकी नामांकनं आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेली नाहीत. दरवर्षी तिच्यापुढे कोणीतरी निघून गेली, कधी जोसेफिन हल, कधी डोना रीड. त्यांचं काम वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण १९५८ साली ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, 'न्यू गर्ल इन टाउन'साठी तिला टोनी हा नाटकांचा मोठा पुरस्कार मिळाला, तोही त्याच नाटकातल्या नायिकेच्या, ग्वेन व्हर्डनच्या बरोबरीने, हे कोणी शोधत नाही. आणि 'द मेटिंग सीझन' बघा. मुलाच्या घरी गेलेल्या आईला नवी सून स्वयंपाकीण समजते आणि ही तो गैरसमज तसाच राहू देते. सगळा चित्रपट तिच्या खांद्यावर आहे. नामांकन मात्र साहाय्यक म्हणूनच. तेव्हा मेन रोल मिळाला नाही हेही पूर्ण खरं नाही. मिळाला, फक्त त्याला तसं म्हटलं गेलं नाही.

माझा जीव तिच्यावर जडला त्याचं पहिलं कारण तिचं वय. जन्म १९०२चा, ब्रुकलिनमधला. न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये शिकली, रंगभूमीवर उभी राहिली, लग्न झालं, दोन मुलं झाली, त्यांच्यापायी थांबली, मग रेडिओ. चित्रपटात आली ती पंचेचाळिसाव्या वर्षी, १९४७च्या 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट'मध्ये. पोराला हवं असलेलं खेळणं शोधून पायांचे तुकडे पडलेली आई. मेसीज नावाच्या मोठ्या दुकानातला सांताक्लॉज तिला सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगतो आणि तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नाही. काही मिनिटांचं काम, श्रेयनामावलीत नाव नाही. मी बँकेतली नोकरी आणि सासूबाईंचं दुखणं आटोपून कॅमेऱ्यासमोर आले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. मला त्या आईचे दुखरे पाय ओळखीचे वाटले.

आता जे मी आजवर टाळलं ते सांगते.

एका मालिकेत मी वाड्यातल्या स्वयंपाकाच्या काकू करत होते. १४२ भाग केले. रोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगचा कॉल यायचा. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे पडद्यावर काकू सलग त्याच दिसाव्यात म्हणून, ठरलेल्या दोन साड्या माझ्या घरच्याच होत्या, एक निळी, एक मळकट पिवळी. त्या मी धुऊन, इस्त्री करून दाराच्या खुंटीला लावून ठेवायचे. एके रात्री फोन आला, "ताई, उद्या तुमचं काही नाहीये. कळवतो." दुसऱ्या दिवशी तेच. मग फोनच नाही. मी साड्या खुंटीवरून काढल्या नाहीत. सतराव्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो, मालिका लागली. ओट्यापाशी एक नवी मुलगी उभी होती. थोरली सून तिला म्हणाली, "काकू गावाला गेल्यात." माझा ट्रॅक, म्हणजे मालिकेतली माझी गोष्ट, संपली होती. ह्यांनी रिमोटकडे हात नेला, मी म्हटलं, राहू दे.

मला लगेच 'ऑल अबाउट ईव्ह'मधली बर्डी आठवली. मोठ्या नटीची जुनी मदतनीस, थेल्मानेच केलेली. ईव्ह नावाच्या त्या गरीब चेहऱ्याच्या मुलीत काहीतरी खोट आहे हे सगळ्यांच्या आधी हिलाच दिसतं. आणि अर्ध्यावर बर्डी चित्रपटातून नाहीशी होते. ती कुठे गेली, कोणी विचारतही नाही. पहिलं नामांकन तिला याच भूमिकेसाठी मिळालं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' लावला. सॅम्युअल फुलरचा, १९५३चा. त्यात थेल्मा मो नावाची म्हातारी आहे. टाय विकते आणि पोलिसांना खिसेकापूंच्या खबरा विकते. पैसे साठवते ते एकाच गोष्टीसाठी, पुरायला स्वतःची जागा आणि वर स्वतःच्या नावाचा दगड. बेवारसांच्या दफनभूमीत जायचं नाही एवढीच तिची इच्छा. शेवटी एक माणूस पिस्तूल घेऊन तिच्या खोलीत येतो. त्याला एक पत्ता हवाय. तिने आयुष्यभर पत्तेच विकले, पण हा ती विकत नाही. ती गयावया करत नाही, ओरडत नाही. मी दमलेय, असं सांगते. बाजाराची यादी वाचावी त्या आवाजात. कॅमेरा तिच्यावरून सरकून ग्रामोफोनकडे जातो आणि गोळीचा फक्त आवाज येतो.

हा प्रवेश मी आधी तीनदा पाहिला होता. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की ती मरणाचा अभिनय करतच नाही. दिवसभर पायांवर उभं राहून आलेल्या बाईचा करते. मी खूप रडले. मोसाठी रडले की खुंटीवरच्या साड्यांसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

कॉलेजच्या मुलांसमोर मी कितीदा म्हटलंय, भूमिका लहान नसते, नट लहान असतो. टाळ्या पडायच्या. ते बोलणारी मी आणि आजची मी, आमचं पटत नाही. सव्विसाव्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात तीन आठवडे नायिकेच्या तालमी केल्यावर ती भूमिका दुसरीला दिली गेली आणि माझ्या वाट्याला शेजारीण आली. शेजारणीतच खरं आव्हान आहे, असं मी घरी येऊन सांगितलं. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, वाटला होता करावासा. फार वाटला होता. थेल्माचं नाव पुढे करून मी ते झाकलं, आणि तिच्यावरही अन्याय केला. ती कुणाच्या दुःखाची मलमपट्टी म्हणून काम करत नव्हती.

पण तेवढं कबूल करूनही माझी तक्रार तिथे संपत नाही. काकूंची भूमिका मोठी व्हावी असं मला वाटत नव्हतं. काकू कोणत्या गावाला गेल्या, तिथे त्यांचं कोण होतं, एवढं कोणीतरी लिहायला हवं होतं. मोचं तसं लिहिलेलं आहे. बेवारसांच्या दफनभूमीकडे निघालेल्या बोटीवरून तिची शवपेटी तो खिसेकापू सोडवून आणतो, ज्याची खबर तिने स्वतःच विकली होती. मो त्यानंतर पडद्यावर नाही, तरी ती त्या गोष्टीत शेवटपर्यंत आहे. बर्डीला ते मिळालं नाही. एकाच नटीला तीन वर्षांत दोन्ही मिळालं.

की मीच फार मागतेय? बर्डी पुढे न दिसताही सत्तर वर्षं लोकांच्या लक्षात आहे. ते थेल्माचं बळ. काकू कुणाच्या लक्षात नसतील तर दोष लेखकाचा, की माझा? या प्रश्नाशी मी अजून झगडतेय.

गेल्या महिन्यात एका नव्या नाटकासाठी विचारणा आली. आजी, दोन प्रवेश. मी विचारलं, "दुसऱ्या प्रवेशानंतर आजी कुठे जाते?" दिग्दर्शक पंचविशीतला मुलगा. त्याने संहितेची पानं उलटून पाहिली, पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला. "ते अजून लिहिलं नाहीये, काकू," म्हणाला.

तालमी सोमवारपासून आहेत. मी अजून होकार कळवलेला नाही.