तुम्ही विचारलंत म्हणून: ती फोनवरची नोकरी

दहा वर्षांहून जास्त काळ हा प्रश्न माझ्या मागे आहे. घरात लग्नकार्य असो की ऑफिसात चहाची वेळ, कुणाच्या तरी मोबाईलवर लोनवाल्या मुलीचा फोन येतो. तो माणूस तिला वाट्टेल ते बोलून फोन ठेवतो आणि मग सगळ्यांना माझी आठवण होते. "तूपण करायचीस ना गं हे? का सोडलंस? एसीत बसून तर काम होतं."

मामा विचारतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, चालू पगार सोडला. मैत्रिणींना शिव्यांचे किस्से हवे असतात. नवऱ्याने एकदाच विचारलं, लग्न ठरताना, आणि त्याने नेमकं ते विचारलं जे मला नको होतं. "तुला कळत नव्हतं का?"

शिव्यांचं आधी उरकते. शिव्या होत्या. दिवसाला पावणेदोनशे ते दोनशे नंबर लागायचे, त्यातले तीस-पस्तीस जण पुरतं बोलायचे, आणि त्यातला एखाददुसरा असा असायचा की हेडफोन काढून दोन मिनिटं बाथरूममध्ये जावं लागे. त्या दोन मिनिटांचाही हिशोब स्क्रीनवर दिसायचा. पण शिव्या देणाऱ्यांचा मला कधी राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही चिडले असते. रात्री नऊ ते सकाळी नऊ जाहिरातीचा फोन करायचा नाही, डीएनडीत, म्हणजे असे फोन नको म्हणणाऱ्यांच्या यादीत, नाव असलेल्याला करायचा नाही, आणि केला तर १४०ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचा, हे दूरसंचार नियामक ट्रायचे नियम २०११ पासून लागू होते. आमच्याकडे यातला पहिला तेवढा पाळला जायचा. बाकीच्यांसाठी टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या, ड्रॉवरमध्ये साधे मोबाईल आणि सिमकार्डं ठेवलेली असत.

मी बावीस वर्षांची होते. बार्शीहून बी.कॉम. करून पुण्याला आलेली, नऱ्ह्यात तिघींत एक खोली. साडेआठ हजार पगार आणि वर इन्सेंटिव्ह. काम विमा विकायचं. फ्लोअरवर हिंदीच्या तीन रांगा होत्या आणि मराठीची एक. आमच्या रांगेला डेटा यायचा सोलापूर, उस्मानाबाद, नगर, साताऱ्याचा. नाव, गाव, जुनी पॉलिसी कुठल्या कंपनीची, हप्ता किती, कधीपासून थकला, सगळं त्यात असायचं. हे कुठून येतं, असं ट्रेनिंगमध्ये एका मुलाने विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

बोलणं साधारण असं असायचं. तुमची जुनी पॉलिसी बंद पडलीय, तिचा बोनस अडकलाय, आता एकदाच पैसे भरा, नवी पॉलिसी निघेल आणि बोनस तिच्यात जमा होईल. 'एकदाच' हा शब्द स्क्रिप्टच्या कागदावर नव्हता. तो टीएल तोंडी सांगायचा, आणि तो बोलायचा असेल तर ड्रॉवरमधल्या मोबाईलवरून बोलायचा, कारण ऑफिसच्या लाईनवर रेकॉर्डिंग असे. आम्ही पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, अशा फोनला फसू नका, असं विमा नियामक इर्डा तेव्हाही जाहिराती देऊन सांगत होती. आमच्यातले काही जण सरळ 'इर्डातून बोलतोय' म्हणायचे. मी ते कधीही म्हटलं नाही. हे मी इतकी वर्षं स्वतःच्या बाजूने सांगत आले आहे. आज लिहिताना वाटतं, मला तसं म्हणायची गरजच पडली नव्हती.

कारण माझ्याकडे दुसरी गोष्ट होती. टीएलने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तुझा आवाज घरचा आहे. पुण्याच्या पोरी 'सर, सर' करतात, माणूस सावध होतो. तू 'काका' म्हण." मी म्हणायला लागले. काका, जेवण झालं का? काका, रानात आहात का, मग नंतर करते. ज्या भाषेत मी चुलत्याशी, गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी बोलत वाढले, तिच्यात मी विमा विकायला लागले, आणि तो विकला जायला लागला. पॉलिसी लॉगिन झाली, म्हणजे अर्ज कंपनीत जमा झाला, की बोर्डावर नाव लिहायचे, सगळा फ्लोअर टाळ्या वाजवायचा. फेब्रुवारीत आमच्या रांगेत माझं नाव सगळ्यात वर होतं. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते. मी तिथे रोज रडत होते असं चित्र कुणी डोळ्यांसमोर आणू नये.

मार्च २०१४. मार्च क्लोजिंग, म्हणजे रविवारीसुद्धा सुट्टी नाही. डेटात कुर्डुवाडीचं एक नाव आलं. वय बासष्ट. ड्रॉवरमधला मोबाईल घेऊन मी जिन्यात गेले आणि नेहमीसारखं "काका, नमस्कार" म्हटलं.

पलीकडून आवाज आला, "बोली तर आपल्याकडली हाय. कुठली गं तू?"

आपलं गाव सांगायचं नाही, असा नियम होता. माझ्या तोंडून गेलं, बार्शीची.

"बार्शीची? मग आमच्या छोट्या गाडीत बसली असशील की."

बसले होते. लहानपणी आजीबरोबर बार्शीहून कुर्डुवाडीला त्या अरुंद रुळांच्या गाडीनेच जायचो. काकांची सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्याच गाडीचे डबे दुरुस्त करण्यात गेली होती. लाईन ब्रॉडगेज होऊन तोवर पाच-सहा वर्षं झाली होती, पण ते गाडीबद्दल अजून चालू असल्यासारखं बोलत होते. बाकांच्या फळ्या कुठल्या लाकडाच्या, पावसात कुठला डबा गळायचा, सगळं. मी ऐकत होते. खरंच आवडीने ऐकत होते, आणि त्याच वेळी डोक्यात चालू होतं की आता हे नाही म्हणणार नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याला पटलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?"

आमच्याकडे हा प्रश्न कुणीही विचारतं. बसमध्ये शेजारची बाई विचारते, दुकानदार विचारतो. त्याला उत्तर एकच, बापाचं नाव आणि आडनाव. पण मला फोनवरचं नाव दिलेलं होतं, पहिल्या दिवशी कागदावर लिहून दिलेलं, आणि त्याला जोडलेलं एक आडनाव. मी ते सांगितलं. ते विचार करत राहिले. "त्या आडनावाचे कोण बरं... भगवंताच्या देवळाकडं का उपळाई रोडला?" मी म्हटलं, उपळाई रोडला. ते म्हणाले, "असतील, असतील. आता वळख ऱ्हात न्हाई."

पस्तीस हजारांचा वर्षाचा हप्ता, दहा वर्षं भरायचा. मी सांगितलं, एकदाच. त्यांचं वय बसत नव्हतं म्हणून पॉलिसी मुलाच्या नावावर काढायला लावली. घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायला पतसंस्थेत ठेव होती, ती मोडतो म्हणाले. "तू म्हणतीस म्हंजे बरूबर असंल." दोन दिवसांनी आमच्या ऑफिसचा मुलगा जाऊन चेक घेऊन आला. त्यानंतर कंपनीकडून पडताळणीचा फोन जातो, त्यात एक बाई विचारते, हप्ता दरवर्षी भरायचा आहे हे तुम्हाला माहीत आहे का? हा प्रश्न काकांसारख्यांना वाचवण्यासाठीच ठेवलेला असतो. त्याच्या आधी मी काकांना फोन करून सांगितलं, "त्या बाई भराभर विचारतील, सगळ्याला हो म्हणा काका, नाहीतर फाईल अडकते."

हे वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं का, तर नव्हतं. टीएलने शिकवलं होतं का, तर शिकवलं होतं. बोलले कोण, तर मी.

एप्रिलच्या मध्यावर त्याच मोबाईलवर काकांचा फोन आला. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, पोस्टाने येऊन चार दिवस झाले होते. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला होता. "लेकरा, ह्यात दहा वर्सं लिवलंय गं." आवाजात राग नव्हता. लिहिणाऱ्याची चूक झाली असेल आणि मी ती दुरुस्त करून देईन, अशा विश्वासाने ते सांगत होते.

फोनवरून विकलेली पॉलिसी कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, किरकोळ खर्च वजा जाता सगळे पैसे मिळतात, हे आम्हाला ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. आणि त्याच दिवशी सांगितलं होतं की हे आपणहून बोलायचं नाही. चार दिवस गेले होते, सव्वीस उरले होते. टीएल समोर उभा होता. मी म्हटलं, "काका, मी बघते, उद्या फोन करते." ते म्हणाले, "कर हां. जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सिम बदललं. मला माहीत होतं बदलणार म्हणून, आदल्या रात्रीच मी त्यांचा नंबर बसच्या पासामागे लिहून घेतला होता. म्हणजे फोन करायचा माझा विचार होता. तो विचार मी रोज रात्री करत होते आणि दिवस मोजत होते. बावीस उरले, सतरा उरले. एका संध्याकाळी स्वारगेटला एसटीडी बूथवर गेले, कारण माझा नंबर त्यांच्याकडे जायला नको होता. नंबर लावला. एका बाईने उचलला, काकूच असणार. मागे भांड्यांचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "कोण बोलतंय?"

मला उत्तर देता येईना. खोटं नाव सांगितलं तर तीच मुलगी ठरते, खरं सांगितलं तर बापाचं आडनाव कुर्डुवाडीपर्यंत जातं, आणि कुर्डुवाडी ते बार्शी अंतर ते किती. त्या पुन्हा म्हणाल्या, "कोण? ह्यांच्याकडं देऊ का?" मी रिसीव्हर ठेवला. बूथवाल्याने एक रुपया घेतला.

अगं, नाव कशाला सांगायचं होतं? 'तीस दिवसांत कागद परत पाठवा, पैसे मिळतील.' एवढं म्हणून ठेवायचा फोन. त्या बावीस वर्षांच्या मुलीला मी हे कितीतरी वेळा सुनावलं आहे. तिच्याकडे उत्तरं आहेत. पॉलिसी परत गेली की इन्सेंटिव्ह कापतात. त्या महिन्याचे तीन हजार मी घरी पाठवून बसले होते, आईच्या दाताचं काम निघालं होतं. नोकरी गेली असती तर खोलीचं भाडं कुठून देणार होते? आणि कंपनीचे मोठे लोक, ज्यांनी हे सगळं बसवलं, त्यांना कुणी का विचारत नाही, मलाच का? हे तिचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. पण आईचा दात महिनाभर थांबला असता, हेही मला माहीत आहे आणि तिलाही माहीत होतं.

काकांनी पॉलिसी परत केली का? तसं मला कळायला एकच वाट होती. परत केली असती तर माझ्या पगारात कपात दिसली असती. मेची स्लिप मी बाथरूममध्ये नेऊन वाचली. जूनचीही. कपात व्हावी असं आयुष्यात तेवढंच एकदा वाटलं. झाली नव्हती.

आणि तरीही मी गेले नाही. हेच मला सांगायचं होतं, कारण तुम्ही सगळे समजता की माझ्या मनाला लागलं म्हणून मी बाणेदारपणे राजीनामा दिला. तसं काही झालेलं नाही. एप्रिल, मे, जून मी त्याच खुर्चीत बसून काका, काका करत होते, फक्त बार्शीचं नाव पुन्हा कुणापुढे काढलं नाही. जुलैत मला कावीळ झाली. पाच आठवडे बार्शीला पडून होते. परत आले तेव्हा माझा लॉगिन आयडी दुसऱ्या मुलीला दिलेला होता. ती नोकरी मी सोडलीच नाही. कावीळ झाली नसती तर किती दिवस राहिले असते, याचं उत्तर मला देता येत नाही.

त्यानंतर एक बदल झाला, तो मी ठरवून केलेला नाही. अनोळखी माणसाला 'काका' म्हणणं मला जमत नाही. रिक्षावाले, सोसायटीचे वॉचमन, भाजीवाले, सगळ्यांना मी नुसतं 'अहो' म्हणते. आई म्हणते, पुण्यात राहून शिष्ट झाली. तिला मी काय सांगू?

बार्शीला जाताना कुर्डुवाडी लागतंच. गाडी थांबते, लोक चहाला उतरतात. मी जागेवर बसून राहते. २०२४मध्ये नियम बदलले, आता पॉलिसी कशीही विकलेली असो, परत करायला तीस दिवस मिळतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून एक वर्षाचा हप्ता भरून पॉलिसी सोडली तरी काहीतरी पैसे परत मिळतात. चांगलंच झालं. बातमी वाचली आणि माझ्या डोक्यात पहिलं आलं ते एप्रिल २०१४.

आता हे सगळं लिहायचं निमित्त. बहिणीची मुलगी पुण्यात आली आहे. तिला अशाच एका ठिकाणी लागलंय, चौदा हजार आणि इन्सेंटिव्ह. "मावशी, तू का सोडलंस ते नीट सांग, मग मी ठरवते," म्हणाली. मी तिला वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, बूथसकट. आणि म्हटलं, पहिल्या दिवशी तुला दुसरं नाव देतात का ते बघ.

"सगळीकडेच देतात मावशी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि त्या काकूंना तू आत्ता फोन का नाही करत? नंबर आहे ना?"

पास अजून आहे. कपाटात, एलआयसीच्या कागदांच्या पिशवीत.