बल्बचा काही दोष नव्हता

माझी ताई बार्शीला असते, त्यामुळे सोलापूर-बार्शी रस्ता महिन्यातून दोनदा तरी ठरलेला. दुपारी जेवून लगेच निघायचं म्हटलं तरी ताई चहाशिवाय सोडत नाही. चहाबरोबर काहीतरी तळायला घेते, आणि घड्याळात सात वाजतात. एरवी हा रस्ता तसा बरा आहे. पण उसाचा हंगाम लागला की वैरागच्या आसपास दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक मला आजवर दिसला नाही, काळवीट मात्र एका रात्री बंपरपासून हातभर अंतरावर दिसलं. त्या रात्री घरी येऊन ठरवलं, आता लाईटचं काहीतरी करायचंच.

गाडी २०१२ची हॅचबॅक. हेडलाईटला एच-फोर बल्ब, ६०/५५ वॅट. एकाच बल्बात दोन फिलामेंट, अप्परला ६० वॅटचं आणि डिप्परला ५५चं. डिप्पर लावला की बॉनेटसमोर पिवळट सतरंजी अंथरल्यासारखं दिसायचं आणि सतरंजी संपली की काळोख. भाचा म्हणाला, "मामा, एलईडी टाक की. दिवस उगवल्यागत उजेड पडतो." भाच्याचं ऐकलं, ही पहिली चूक.

दुकानात डब्यावर लुमेनचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे, असे आकडे छापले होते की त्या दोन बल्बांत सोलापूरचं अख्खं पार्क स्टेडियम उजळावं. (साध्या एच-फोरचा डिप्पर साधारण हजार लुमेनचा असतो.) अठराशे रुपये दिले. बसवायला दहा मिनिटं लागली: तीन पिनांचा कप्लर (बल्बाला वायरी जोडणारं सॉकेट) ओढला, मागची रबरी टोपी काढली, स्प्रिंगची क्लिप सोडवली, जुना बल्ब बाहेर. एलईडीच्या पाठीमागे पंखा असतो, तो टोपीत मावेना. दुकानातल्या पोरानं सरळ ब्लेडनं टोपी कापली. "काय होत नाही ओ." हे वाक्य ज्यानं ज्यानं मला आजवर ऐकवलं, त्या प्रत्येकानं माझा खर्च वाढवलाय.

पहिल्याच फेरीला आई शेजारी होती. वाटेतलं वडाळा गाव सोडलं आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्पर-डिप्पर मारू लागली. मी डिप्परवरच होतो. पाच-सहा गाड्या झाल्यावर आईनं विचारलं, "एवढे सगळे तुझ्या ओळखीचे आहेत का रे?" मी काही बोललो नाही. पुढे एका ट्रकवाल्यानं मात्र दोनदा इशारा केला आणि तिसऱ्यांदा पूर्ण अप्पर लावून तसाच आला. मला रस्ताच दिसेना, डावं चाक साइडपट्टीवर उतरलं, आईनं डॅशबोर्ड धरला. त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं, पण चूक माझीच होती.

गंमत म्हणजे एवढं करून मलाही लांबचं दिसत नव्हतंच. गाडीसमोरची पहिली काही मीटर पांढरीफेक, आणि जवळचं इतकं उजळलं की डोळ्याची बाहुली आकसते, मग लांबचं आणखीच काळं वाटतं. पुढे परतीच्या पावसात तर विचारूच नका. पांढरा उजेड थेंबांवरून उलटा तोंडावर येत होता. वर त्या कापलेल्या टोपीतून ओल आत शिरली आणि सकाळी उजव्या हेडलाईटच्या काचेला आतून घाम सुटलेला.

घरी सोसायटीच्या भिंतीसमोर गाडी लावून पाहिली. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला जुना हॅलोजन. हॅलोजनचा पट्टा वर सरळ कापलेला, डावीकडे थोडा चढलेला. एलईडीचा उजेड कात्री न लावल्यासारखा भिंतभर, वरच्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. मग वाचून आणि विचारून कारण कळलं. एच-फोरच्या डिप्परच्या फिलामेंटखाली चमच्यासारखी पत्र्याची बारीक वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच तो पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे फेकला जातो. रिफ्लेक्टरचं सगळं गणित त्या केसाएवढ्या तारेच्या जागेवर बेतलेलं असतं. एलईडीच्या चिप दोन बाजूंना, जाडजूड पट्टीवर. जागा एक-दोन मिलीमीटर जरी हलली तरी उजेड भलतीकडे.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो: कंपनीनं दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल केला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. मला पोलिसांनी अडवलं नाही. मला त्या ट्रकवाल्यानं अडवलं.

मग मित्रानं अशोक चौकाच्या पुढच्या एका वायरमनकडे पाठवलं. दुकान म्हणजे एक शटर, बाहेर बॅटऱ्यांची रांग, आत रेडिओ. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हाताखालच्या पोराशी तेलुगूत, माझ्याशी खास सोलापुरी मराठीत. मी म्हटलं, "अण्णा, एलईडी काढा आणि १००/९०चे बल्ब टाका." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मालक, आधी जेवायला किती मिळतंय ते तर बघू."

मीटर काढला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, १४.१ व्होल्ट. हेडलाईटचा कप्लर काढून त्यात मीटरच्या सुया घातल्या, तिथंही १४. मी म्हटलं, मग बरोबर आहे की! अण्णा हसले. जुना हॅलोजन लावला, लाईट पेटवला आणि कप्लरच्या मागून सुया खुपसल्या. ११.८. "रिकाम्या पोत्याचं वजन घेऊन काय करता? भार आला की कळतं." सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डाखाली, तिथून स्टिअरिंगच्या स्विचमधून आणि मग बारीक वायरीनं पुढे येत होता. बारा वर्षांत स्विचचे पॉइंट काळे पडलेले, कप्लर उन्हानं आणि उष्णतेनं तपकिरी झालेला. सव्वादोन व्होल्ट वाटेतच खपत होते.

हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण फिलामेंटच्या बल्बाचं गणित फार कडक आहे. व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घसरतो. माझं सोळा टक्के घसरलं होतं, म्हणजे उजेड जवळजवळ निम्मा. आणि याच वायरीवर मी ९० वॅटचे बल्ब चढवायला निघालो होतो. डिप्परला एकेक बल्ब साडेसात अँपिअर ओढणार, कप्लर वितळलाच असता.

अण्णांनी रिलेचा सेट बसवला. रिले म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा स्विच. दोन रिले, बॅटरीलगत फ्यूज, जाड वायर, चिनी मातीचे होल्डर. मूळ वायर कुठेही कापली नाही. जुना कप्लर फक्त रिलेला इशारा देतो, आता बल्बाचं जेवण थेट बॅटरीवरून. बल्ब कंपनीच्याच मापाचे घेतले, ६०/५५. बसवताना पोरानं काच बोटांत धरली तर अण्णांनी त्याच्या हातावर चापट मारली. बोटाचं तेल काचेला लागलं तर तेवढाच ठिपका जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. फडक्यानं धरायचा. नव्या रबरी टोप्या घातल्या. पुन्हा मोजलं: भारासकट १३.७. सगळे मिळून दोन हजारांच्या आत.

"काच कोण पुसणार?" जाताना अण्णा म्हणाले. काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, एक प्रकारचं प्लास्टिकच, आणि सोलापूरच्या उन्हात ते पिवळं पडणारच. याआधी टूथपेस्टनं घासून पाहिलं होतं. महिनाभर चकाकतं आणि परत तसंच. या वेळी रविवारची सकाळ घातली: कडेला मास्किंग टेप, मग पाण्यात भिजवून १००० नंबरचा पॉलिश पेपर, मग २०००, मग ३०००. पहिल्या पेपरनंतर काच दुधासारखी पांढरी होते आणि पोटात गोळा येतो, तिथं थांबायचं नाही. खाली ओघळणारं पाणी हळदीसारखं पिवळं होतं. शेवटी कंपाऊंड आणि वरून यूव्ही कोटिंग. हे कोटिंग टाळलं तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी.

फोकस संध्याकाळी त्याच भिंतीवर लावला. चाकांत हवा बरोबर, सीटवर माझ्याजागी मेहुणा बसवला, भिंतीपासून पाच मीटर. बल्बाच्या मध्याची उंची खडूनं मारली आणि कापलेली कड त्याच्या पाच सेंटिमीटर खाली आणली. डावीकडचा चढ तसाच ठेवायचा, तो आपल्या बाजूची कडेची माणसं आणि सायकली दिसण्यासाठी असतो. उजवा स्क्रू इतका गंजला होता की तेल सोडून चहा पिऊन यावं लागलं.

त्याच उत्साहात मी इंडिकेटरलाही एलईडी टाकले होते, ते राहिलंच सांगायचं. इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या फ्लॅशरला वाटलं बल्ब उडालाय, आणि इंडिकेटर दुप्पट वेगानं टिकटिकायला लागला. ते काढून जुने २१ वॅटचे परत घातले. नंबरप्लेटच्या दिव्यातला एलईडी तेवढा राहू दिलाय, तो कुणाच्या डोळ्यात जात नाही.

गेल्या शनिवारी पुन्हा बार्शी. येताना वैरागच्या पुढे बऱ्याच लांबून काहीतरी राखाडी, हलणारं दिसलं. वेग कमी करत जवळ गेलो तर उसाच्या दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी वाढं लोंबतंय. दिवा नव्हताच. मागच्या ट्रॉलीच्या मोळ्यांवर दहा-बारा वर्षांचा एक पोरगा बसला होता, हातात मोबाईलची बॅटरी चालू, आणि गाडी दिसली की तो ती इकडून तिकडे हलवत होता. मी डिप्परवरच त्याच्यामागे राहिलो, वडाळ्यापर्यंत.