१६ वर्षं बिनपगारी

सायकॉलॉजीच्या बहुतेक पुस्तकांत तो फोटो असतोच. काचेचं टेबल, काचेखाली चौकडीचं कापड, एका बाजूला काचेला लागून (उथळ बाजू) आणि दुसऱ्या बाजूला बरंच खाली (खोल बाजू), आणि मधल्या फळीवर रांगत आलेलं बाळ खाली बघत थबकलेलं. व्हिज्युअल क्लिफ, म्हणजे डोळ्यांना दिसणारी दरी, गिब्सन आणि वॉक यांचा प्रयोग, १९६०. परीक्षेत टीपा लिहा मध्ये हमखास येतो. मी बरीच वर्षं हे शिकवतेय आणि दर वर्षी कुणीतरी गिब्सनला "तो" म्हणतंच. मुलांचं काही चुकत नाही, पुस्तकात नुसतं आडनाव छापलेलं असतं. पण वर्गातल्या बाकांवर निम्म्याहून जास्त मुली बसलेल्या असतात आणि तरी शास्त्रज्ञ म्हटलं की त्यांच्याही डोळ्यासमोर पुरुषच येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून आज एलिनॉर गिब्सन या बाईंबद्दल नीट लिहायचं ठरवलंय, आणि त्यांच्याबद्दल लिहिता लिहिता आपल्याकडच्या पोरींबद्दलही, कारण ते दोन विषय मला आता वेगळे करता येत नाहीत.

बाईंचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं पिओरिया गाव. स्मिथ कॉलेज या मुलींच्या कॉलेजात शिकल्या, तिथेच शिकवणाऱ्या जेम्स गिब्सनशी १९३२ साली लग्न झालं (हे जेम्स गिब्सनही पुढे पर्सेप्शनमधले, म्हणजे आपल्याला जग कसं दिसतं-जाणवतं या विषयातले, फार मोठे मानसशास्त्रज्ञ झाले). बाईंना प्राण्यांवर संशोधन करायचं होतं, म्हणून १९३५ साली त्या येल विद्यापीठात गेल्या, तिथे रॉबर्ट यर्कीस हे चिंपांझींवर काम करणारे तेव्हाचे सगळ्यात नावाजलेले संशोधक. बाई त्यांना भेटायला गेल्या, तुमच्याकडे काम करायचंय म्हणाल्या, तर यर्कीस उठले, दाराशी गेले, दार उघडून धरलं आणि सांगितलं की माझ्या लॅबमध्ये बायका नसतात. संपली मुलाखत. मार्क किती, वाचलंय काय, काहीच विचारलं नाही.

हे वाचताना आपल्या कमला सोहोनी आठवल्याशिवाय राहत नाहीत. तेव्हा त्या कमला भागवत होत्या. १९३३ साली, म्हणजे यर्कीसच्या त्या दाराच्या दोनच वर्षं आधी, मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी नाही म्हटलं, कारण काय तर मुलगी. कमलाबाई हटल्या नाहीत, शेवटी एक वर्ष बघू, काम पटलं तरच रीतसर प्रवेश, अशा अटीवर घेतलं. पुढे केंब्रिजहून पीएचडी झाली १९३९ साली. त्यांचा विषय बायोकेमिस्ट्री होता, सायकॉलॉजी नव्हे, पण दोन खंडांवरची ती दोन दारं एकाच मापाची होती.

गिब्सनबाईंनी मग येलमध्येच क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञांच्या हाताखाली काम केलं आणि १९३८ मध्ये पीएचडी मिळवली. प्राणी राहिले बाजूला, हलचा विषय होता तो धरावा लागला. मग दोन मुलं झाली, मध्ये दुसरं महायुद्ध, नवऱ्याची नेमणूक हवाई दलात, टेक्सास मग कॅलिफोर्निया, बाई मुलांना घेऊन पाठोपाठ. बँकेतल्या किंवा सरकारी नोकरीतल्या माणसाच्या बायकोला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९४९ साली जेम्सना कॉर्नेल विद्यापीठात प्रोफेसरची जागा मिळाली. तिथे नियम होता की नवरा-बायको दोघांना एकाच ठिकाणी प्राध्यापक नेमायचं नाही. नेपोटिझम, म्हणजे नातलगांची वर्णी लावणं, होऊ नये म्हणून केलेला नियम, कागदावर बघितला तर न्याय्यच वाटेल, कुठेही "बाई" हा शब्द नाही. पण नेमणूक आधी कुणाची व्हायची? नवऱ्याची. मग घरी कोण बसायचं? बाईंना रिसर्च असोसिएट असं पद दिलं, पगार शून्य, स्वतःची लॅब नाही. हे असं १९६५ पर्यंत चाललं. १६ वर्षं.

लॅब नाही म्हणून बाई कुठे गेल्या, तर कॉर्नेलचं प्राण्यांच्या वर्तनाचं एक फार्म होतं तिथे, शेळ्या-मेंढ्यांवर काम करायला. शेळी आणि नुकतं जन्मलेलं करडू यांच्यातलं नातं कसं जुळतं, वासावरून जुळतं का, हे त्यांना बघायचं होतं. एकदा एका शेळीला जुळं होत होतं. पहिलं करडू बाहेर आलं, बाईंनी वास जाण्यासाठी ते धुऊन काढलं, तेवढ्यात दुसरं यायला लागलं, आता हातातलं ओलं करडू ठेवायचं कुठे? फार्मचा माणूस म्हणाला, त्या उंच स्टँडवर ठेवा. पडेल ना! नाही पडत, ठेवा. आणि खरंच, जन्माला येऊन काही मिनिटं झालेलं ते पिल्लू त्या एवढ्याशा जागेवर चार पाय रोवून उभं राहिलं, इकडेतिकडे बघत, कडेला पाऊल टाकलं नाही. मला हा प्रसंग फार आवडतो. उंची कळायला आधी पडून बघावं लागत नाही, हा पुढच्या जगप्रसिद्ध प्रयोगाचा गाभा त्या गोठ्यातच दिसतो.

शेळ्यांचा अभ्यास मात्र पुरा झाला नाही. ईस्टरच्या सुट्टीनंतर बाई परत आल्या तर प्रयोगातली काही करडं लोकांना भेट म्हणून देऊन टाकलेली. झालं. कितीतरी मेहनतीचा डेटा गेला. ज्याची स्वतःची लॅब आहे, ज्याच्या नावाची पाटी दारावर आहे, त्याच्या प्रयोगातले प्राणी कुणी असे परस्पर वाटून टाकतं का, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो.

मग रिचर्ड वॉक या कॉर्नेलमधल्या प्राध्यापकाबरोबर त्यांनी उंदरांवर काम सुरू केलं. काही उंदीर पूर्ण अंधारात वाढवले, काही उजेडात, आणि बघितलं तर अंधारात वाढलेलेसुद्धा काचेच्या खोल दिसणाऱ्या बाजूला जायला तयार नव्हते. त्यानंतर मग माणसांची बाळं. ३६ बाळं, साडेसहा ते १४ महिन्यांची. आई एकदा उथळ बाजूने हाक मारणार, एकदा खोल बाजूने. २७ बाळं फळीवरून हलली, ती सगळी उथळ बाजूने आईकडे गेली, खोल बाजूच्या काचेवर फक्त ३ गेली. काही बाळं काचेवर हात आपटून बघायची, काच लागते आहे हे हाताला कळतंय, तरी डोळे सांगतायत खड्डा आहे, आणि ती डोळ्यांचं ऐकायची. काही तर आईपासून उलट्या दिशेला रांगत जायची, काही रडायची, कारण आई बोलावते आहे आणि मध्ये दरी आहे.

पुढे १९८५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हेच टेबल घेऊन, खोली कमी करून, एक वर्षाच्या बाळांवर प्रयोग केला. आईने चेहरा हसरा ठेवला तर १९ पैकी १४ बाळं पलीकडे गेली, आईने घाबरलेला चेहरा केला तर १७ पैकी एकही गेलं नाही. मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग देताना मी आयांना हे आवर्जून सांगते, कारण मूल कशाला घाबरतं याआधी ते कुणाकडे बघतंय हे बघायला लागतं.

एवढं सगळं काम, आणि त्यातलं पहिलं, मूळ काम बिनपगारी बाईचं. १९६५-६६ मध्ये बाई प्रोफेसर झाल्या तेव्हा वयाची पंचावन्न वर्षं झाली होती. आपल्याकडे त्या वयात लोक पेन्शनचा हिशोब करायला लागतात. नंतर मात्र सगळं धडाधड आलं, १९७१ ला नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचं सदस्यत्व, १९७२ ला कॉर्नेलमध्ये एंडोड चेअर (देणगीतून चालणारं मानाचं प्राध्यापकपद) मिळवणारी पहिली बाई, १९९२ ला नॅशनल मेडल ऑफ सायन्स. २००२ साली गेल्या, वय ९२.

आता मला जे म्हणायचंय ते इथून पुढे आहे. ही गोष्ट सांगितली की लगेच कुणीतरी म्हणतं, "बघा, जिद्द असली की सगळं होतं." मला हे वाक्य अजिबात पटत नाही. जिद्द होतीच, पण त्यांच्या घरात नवऱ्याचा प्रोफेसरचा पगार येत होता आणि नवरा त्याच विषयातला होता, म्हणून १६ वर्षं बिनपगारी काम करणं परवडलं. ज्या बाईला ते परवडलं नसेल ती शाळेत नोकरीला लागली असेल किंवा घरी बसली असेल, आणि तिचा प्रयोग कुठल्याच पुस्तकात नाही. आपल्याला ज्या दिसतात त्या टिकलेल्या. जिद्दीच्या गोष्टी सांगून आपण नियम बनवणाऱ्याला मोकळं सोडतो.

मेरी एन्सवर्थचंही तसंच सांगतात. अटॅचमेंटवरचं, म्हणजे बाळ आणि आई यांच्यातल्या ओढीवरचं, तिचं काम आज जगभर शिकवलं जातं. नवऱ्याच्या मागे १९५० ला लंडन, तिथे पेपरातली जाहिरात बघून याच विषयातल्या जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाकडे काम मिळालं, मग १९५४ ला परत नवऱ्याच्या मागे युगांडा. तिथे कंपालाच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन तिने आया आणि बाळं बघितली आणि त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. लोक म्हणतात, बघ, नवऱ्याबरोबर गेली म्हणून तर हे घडलं! अहो, घडलं ते तिच्या डोक्यामुळे. जॉन्स हॉपकिन्समध्ये आली तेव्हा तिथल्या फॅकल्टी क्लबात बायकांनी पुरुषांबरोबर एका खोलीत जेवायचं नाही अशी पद्धत होती. आणि मेमी क्लार्क, जिच्या मास्टर्सच्या कामातून ते बाहुल्यांचे प्रयोग (काळ्या मुलांना गोरी आणि काळी बाहुली दाखवून कुठली आवडते विचारायचे) उभे राहिले जे १९५४ च्या शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात पोचले, तिला १९४३ ला कोलंबियाची पीएचडी हातात असताना न्यूयॉर्कमध्ये धड नोकरी मिळेना. काळी आणि बाई. शेवटी १९४६ मध्ये नवऱ्याबरोबर स्वतःचं सेंटर काढलं हार्लेममध्ये.

आपल्याकडे असा "बायका नकोत" म्हणणारा नियम कुठे लिहिलेला नाही. आपल्याकडे सीएचबी आहे, तासिका तत्त्व, कायम नेमणूक न देता तासावर शिकवायला घ्यायचं. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली मुलगी दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत देते, त्याच कॉलेजात, त्याच लोकांसमोर, पुन्हा ऑर्डर निघते, घेतलेल्या तासांचे पैसे कधीतरी महिन्यांनी येतात, उन्हाळ्यात काहीच नाही. नॅकची (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची) फाईल मात्र तिनेच करायची, प्रॅक्टिकलचं सामान तिनेच सांभाळायचं, म्युलर-लायरची पट्टी, मिरर ड्रॉइंगचा आरसा, बंद पडलेला मेमरी ड्रम, मुलांच्या जर्नलवर सह्या. पुरुषही सीएचबीवर आहेत आणि त्यांचेही हाल आहेत, हे मी नाकारत नाही. पण आमच्या विषयात मुली जास्त, आणि घरात "तुझं काय, तासावरच तर आहे" असं म्हणून जिची नोकरी पहिली सोडायला सांगितली जाते ती बाईचीच असते. माझ्या ओळखीतल्या एकीला मी जिथे काम करत होते तिथे बाळंतपणामुळे ऑर्डरच पुढे दिली नाही. काढून टाकलं असं कुणी म्हटलं नाही, नुसती ऑर्डर निघाली नाही. ती फार चांगली संशोधक होती. आता ट्यूशन घेते.

माझं स्वतःचं पीएचडीचं काम आशाताईंच्या, म्हणजे गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्यांच्या, मानसिक स्वास्थ्यावर होतं. कॅरल रिफ या अमेरिकन बाईंनी १९८९ साली वेलबीइंगचे, म्हणजे मानसिक स्वास्थ्याचे, सहा भाग मांडले, स्वतःचा स्वीकार, नाती, स्वायत्तता, परिस्थितीवर पकड, आयुष्याला दिशा आणि वाढ, आणि ते मोजायची प्रश्नावली केली, ती मराठीतून भरून घ्यायची होती. स्वायत्ततेचा भाग आला की ताई थांबायच्या. एकजण पेन खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, घरचे हो म्हणाले की मग मी ठरवते, ते यात कुठे बसतं?" तिच्यासाठी चौकट नव्हती. मी तिचं म्हणणं समासात लिहून घेतलं, आणि थिसिसमधलं माझं सगळ्यात आवडतं पान त्या समासातल्या नोंदींचंच आहे. असं काही ऐकू येतं ते त्या ओट्यावर बसून, तिची सासू आत भाकऱ्या थापत असताना, वेळ देऊन ऐकणारं कुणी असेल तर. म्हणून बायका संशोधनात टिकायला हव्यात असं मला वाटतं. त्यांच्यावर उपकार म्हणून वगैरे अजिबात नाही, विषयालाच त्याची गरज आहे म्हणून.

आणि स्ट्रेस मॅनेजमेंटची वर्कशॉपं. मी स्वतः घेते, श्वासाचे व्यायाम शिकवते, त्याचा उपयोग होतो हे मला माहीत आहे. पण सहा महिने पैसे न मिळालेल्या बाईला श्वास शिकवून पाठवून द्यायचं मला पटत नाही, तिच्या ताणाचं कारण छातीत नाही, अकाउंट सेक्शनच्या टेबलावर आहे.

आता कामाची माहिती, कारण ही मला स्वतःला कुणी सांगितली नव्हती आणि अजूनही खूप मुलींना गाईडकडून कळत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमांत बायकांना मुदतीत आणखी २ वर्षं मिळू शकतात, एकूण १० वर्षांच्या आत. बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण पीएचडीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते, लग्नामुळे किंवा इतर कारणाने बाईला दुसऱ्या गावी जावं लागलं तर तिचा रिसर्च डेटा नव्या विद्यापीठात नेता येतो, अट एवढीच की बाकीचे नियम पाळलेले हवेत, काम जुन्या संस्थेने निधी आणलेल्या प्रोजेक्टचा भाग नको आणि जुन्या विद्यापीठाला श्रेय द्यायचं. म्हणजे नवऱ्याची बदली झाली म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. अर्ज लेखी करा, नियमाचा उल्लेख करून करा, पीएचडी सेक्शनला देऊन शिक्क्यासकट पोच घ्या, गाईडला एक प्रत द्या. तोंडी "बघू" म्हणाले तर ते ऐकून घरी येऊ नका. कुणाला अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला मेसेज करा, मी माझा पाठवते.